घाईतल्या घराची रात्र आणि भोर-वेल्ह्याचे शेंगोळे

आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी पुणे-सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे वळले, की रस्त्याच्या कडेने घरी परतणाऱ्या बायकांचे घोळके भेटू लागतात. डोक्यावर इरले, नाही तर खताच्या रिकाम्या पोत्याची केलेली खोळ. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. सकाळी खाचरात उतरलेल्या या बायका दिवसभर कमरेत वाकून भाताची रोपे लावतात आणि दिवेलागणीच्या सुमारास घर गाठतात. घरी पोचल्यावर त्यांचा दिवस संपत नाही. चूल पेटवायची असते, ओल्या सरपणाशी झगडायचे असते आणि तासाभरात पाच-सहा माणसांच्या पानात काही तरी गरम वाढायचे असते.

नेमक्या याच वेळी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या वाहतूक कोंडीत अडकलेले एखादे जोडपे याच प्रश्नाचा विचार करीत असते. मुलांची शिकवणी सुटलेली असते, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झालेली असते आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर सकाळची भांडी तशीच असतात. चिखल नसला, तरी थकवा आणि घड्याळ दोन्ही ठिकाणी सारखेच. फरक एवढाच, की शहरातल्या घराने या प्रश्नाचे उत्तर अलीकडे फोनवरून मागवायला सुरुवात केली आहे, तर डोंगरातल्या घराने ते फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे हुलग्याचे शेंगोळे आणि सोबत मऊ भात.

शेंगोळे ही काही भोर-वेल्ह्याची मक्तेदारी नव्हे. पुणे, नगर, सातारा, सोलापूर अशा साऱ्या देशावरच्या घरांत ते होतात आणि प्रत्येक घराला आपलेच खरे वाटतात. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या या दोन तालुक्यांत त्यांच्या जोडीला घरच्या खाचरातला भात असतो आणि बाहेर चार महिने कोसळणारा पाऊस असतो. त्यामुळे हा पदार्थ समजून घ्यायला ही जागा सोयीची आहे.

या मुलुखाची थोडी ओळख करून घेणे भाग आहे. भोर ही पूर्वीच्या पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले; त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते. वेल्हे तालुक्यात राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले आहेत. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी मात्र 'वेल्हे' अजून पक्के आहे. पानशेत धरणही याच तालुक्यातले. म्हणजे पुणेकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला मोठा हिस्सा याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचा असतो. पाणी इथून जाते, माणसेही इथून जातात. कोणी शिरवळच्या कारखान्यांत, कोणी खेड शिवापूरला, कोणी थेट पुण्यात पाळीवर. त्यामुळे घरात माणसे चार वेगवेगळ्या वेळांना जेवतात, आणि जो पदार्थ दोन तास पातेल्यात राहूनही बिघडत नाही, त्याला इथे मान आहे.

मांस वाढवण्याची युक्ती

प्रत्येक समाजात अशा थकल्या रात्रीसाठी एक ठरलेला पदार्थ असतो. अमेरिकी घरांत तो मान मीटलोफला आहे. बारीक खिम्यात पावाचा चुरा, अंडे, कांदा मिसळून त्याची पावाच्या आकाराची लादी करायची, वरून टोमॅटोची चटणी फासायची आणि भट्टीत ठेवून द्यायची. १९३० च्या दशकातील महामंदीत हा पदार्थ घरोघरी रुजला. कारण पावाच्या चुऱ्यामुळे थोडे मांस अधिक माणसांना पुरत असे. चुऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो मांसातला रस शोषून धरतो आणि लादी कोरडी पडू देत नाही. ज्यांच्या घरी भट्टी आहे, त्यांना तो करून पाहायला हरकत नाही. अर्धा किलो खिम्याला पाण्यात भिजवून पिळलेल्या पावाच्या दोन चकत्या, एक अंडे, बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण आणि आपल्या घरचा कांदा-लसूण मसाला. १८० अंशांवर पाऊण ते एक तास. खिमा आतपर्यंत ७१ अंशांवर तापला पाहिजे, हा नियम मोडू नये. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी, म्हणजे काप करताना लादी भुगा होत नाही.

पण भट्टी, तासभर वीज आणि अर्धा किलो खिमा या तिन्ही गोष्टी मंगळवारच्या रात्री सगळ्यांना जमतीलच असे नाही. शेंगोळ्यांचे तर्कशास्त्र तेच आहे: थोडे पौष्टिक जिन्नस, त्याला बांधून ठेवणारे स्वस्त धान्य, आणि एकदा विस्तवावर चढवले की फारसे लक्ष न मागणारी शिजवण. फक्त मांसाच्या जागी इथे हुलगा आहे.

हुलगा आणि त्याची बदनामी

वरंध घाट उतरून महाडकडे गेले, की हुलग्याचा कुळीथ होतो. कोकणात त्याची पिठी भाताबरोबर रोजच्या जेवणात असते. देशावर मात्र हुलग्याच्या वाट्याला थोडी उपेक्षा आली. बैलांना भरडा घालायचा तो हुलग्याचा. इंग्रजांनी तर त्याला घोड्याचा हरभरा असेच नाव दिले. गरिबाचे आणि जनावराचे कडधान्य अशी ओळख एकदा चिकटली, की शहरातल्या वाण्याच्या दुकानात ते मागच्या फळीवर जाते. मूग, मटकी, चवळीला जी प्रतिष्ठा मिळाली, ती हुलग्याला मिळाली नाही.

वास्तविक हे पीक हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर येते आणि त्याला खताचीही फार अपेक्षा नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने, जवळजवळ ९ मिलिग्रॅम लोह आणि सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. स्निग्धांश मात्र एक ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणूनच आपल्याकडे हुलग्याच्या पदार्थावर तेलाची धार किंवा तुपाचा गोळा घालण्याची पद्धत पडली असावी. ती चैन नव्हे, हिशेब आहे.

महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्या पार्श्वभूमीवर लोह देणारे एक कडधान्य केवळ जुनाट समजून बाजूला पडावे, हे खटकते. अर्थात वनस्पतीतले लोह शरीराला सहजी मिळत नाही. जेवताना वरून लिंबू पिळल्यास ते शोषण्यास मदत होते आणि जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अडथळा येतो. हुलग्याचे पाणी मुतखड्यावर गुणकारी, असा समज खेड्यात आणि शहरात सारखाच प्रचलित आहे. ज्याला खरोखर खडा आहे, त्याने डॉक्टरांकडे जावे. हुलग्याकडे जेवण म्हणून पाहिलेले बरे.

पीठ का फुटते?

शेंगोळे बिघडल्याची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. पातेल्यात कडी सोडली आणि थोड्या वेळाने झाकण काढले, तर आत पिठले तयार. प्रस्तुत लेखकाच्या घरी पहिल्या दोन प्रयत्नांत हेच घडले आणि दोन्ही वेळा ते पिठले म्हणूनच खाल्ले गेले. कारण समजले, की हा अपघात टळतो.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते; ते पीठ धरून ठेवते. हुलग्याच्या पिठात असे जाळे नसते. त्याचा गोळा टिकतो तो पिठूळ स्टार्चच्या जोरावर. हा स्टार्च कडकडीत उष्णतेत एकदम फुगतो आणि कड्याच्या पृष्ठभागावर पातळ कवच तयार करतो. पाणी नुसतेच कोमट असेल, तर कवच तयार होण्याआधीच पीठ विरघळू लागते. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय पहिले कडे सोडायचे नाही, आणि सगळी कडी एकदम ओतायची नाहीत. तसे केल्यास उकळी बसते. पाच-सहा सोडावीत, पुन्हा उकळी येऊ द्यावी, मग पुढची. पहिली पाच मिनिटे पळी फिरवण्याचा मोहही टाळावा.

दुसरे कारण सैल पीठ. भाकरीच्या पिठापेक्षा हे घट्ट हवे. त्यात थोडी ज्वारी आणि मूठभर कणीक घातली, की गोळा चांगला बांधला जातो. ज्वारीमुळे शेंगोळा हलका होतो, कणकेमुळे तुटत नाही. नुसत्या हुलग्याचे शेंगोळे चवीला उग्र आणि खायला दडस होतात. काही घरांत बेसनही घालतात. चव सौम्य होते. पण मग हुलग्याचे शेंगोळे कशाला म्हणायचे, असा प्रश्न पडतो.

हुलगा दळण्यापूर्वी मंद आचेवर खमंग भाजून घेणे फार महत्त्वाचे. त्याने कच्चट वास जातो, पीठ लवकर शिजते आणि पचनात अडथळा आणणारी कडधान्यातील काही द्रव्ये उष्णतेने कमी होतात. शहरात हे काम रविवारी करावे. किलोभर हुलगा निवडून, भाजून, गार करून गिरणीत दिला, की महिनाभराची सोय होते. हुलगा नीट निवडावा. त्यात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे असतात. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पावसाळ्यात शक्यतो थोडेथोडेच दळून आणावे.

प्रत्यक्ष कृती

चार माणसांसाठी हुलग्याचे पीठ दोन वाट्या म्हणजे साधारण २५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ अर्धी वाटी, कणीक पाव वाटी घ्यावी. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरे आणि मूठभर कोथिंबीर जाडसर वाटावी. हे वाटण दोन भागांत करून एक भाग पिठात, दुसरा फोडणीत. पिठात हळद, मीठ, चिमूटभर ओवा आणि एक चमचा तेल घालून घट्ट मळावे. मळण्यापूर्वी दोन चमचे कोरडे पीठ बाजूला काढायला विसरू नये. रस्सा दाट करायला ते शेवटी लागते.

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन चमचे शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी, हिंग, उरलेले वाटण परतावे. लसणाचा रंग बदलला, की सात वाट्या पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवावे. पाणी उकळेपर्यंत दहा मिनिटे मिळतात. या दहा मिनिटांत बोराएवढा गोळा घेऊन तळहातांमध्ये किंवा पोळपाटावर करंगळीपेक्षा थोडी बारीक वळी करायची, तिची दोन टोके जुळवून कडे करायचे. वळी जाड राहिली, तर आत कच्ची राहते. कडी सोडून झाल्यावर अर्धवट झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजवावे. शेवटी बाजूला काढलेले पीठ अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घालावे आणि पाच मिनिटे उकळू द्यावे. एक शेंगोळा मोडून पाहावा. मध्ये पांढुरकी कोरडी रेघ दिसली, तर आणखी पाच मिनिटे.

रस्सा उतरवताना जरा पातळ वाटला पाहिजे. पानात येईपर्यंत तो दाटतोच, आणि उशिरा येणाऱ्याच्या पानात आणखी दाटतो. त्या वेळी गरम पाणी घालावे, गार नको.

वाटण रविवारी करून शीतकपाटात ठेवल्यास चार दिवस टिकते. पीठ आणि वाटण तयार असेल, तर घरात पाय टाकल्यापासून पाऊण तासात पाने वाढता येतात. घड्याळ लावून पाहिले आहे. कुकरमध्ये शेंगोळे करण्याचा उद्योग मात्र करू नये. शिट्टीच्या दाबाने कडी मोडतात, आणि वेळ वाचतो तोही फार नाही.

सोबतचा भात

शेंगोळ्यांबरोबर ज्वारीची भाकरी खाणारे पुष्कळ आहेत. पण भोर-वेल्ह्यात, जिथे घराच्या अंगणापर्यंत भातखाचरे येतात, तिथे भातच हवा. या पट्ट्याचा जुना भात म्हणजे आंबेमोहर. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा दरवळ सुटतो म्हणून हे नाव. शेजारच्या मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु हे वाण उंच वाढते, परतीच्या पावसात आडवे पडते आणि उतारा कमी देते. वास कितीही चांगला असला, तरी शेतकऱ्याला वर्षाची बेगमी करायची असते.

या अडचणीवरचा उपाय वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात निघाला. आंबेमोहर १५७ आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे आयआर ८ या दोहोंच्या संकरातून तयार झालेले इंद्रायणी हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले. आईचा वास पुरता उतरला नाही, पण बराचसा आला. बुटकेपणा आणि उतारा दुसऱ्या बाजूने मिळाला. आज पुण्यातल्या घरांत 'मऊ भात' म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीच येतो.

हा भात चिकट का होतो, याचे कारण तांदळातल्या स्टार्चच्या प्रकारात आहे. अमायलोज नावाचा घटक ज्या तांदळात जास्त, त्याचा भात मोकळा होतो. कमी असेल, तर मऊ आणि एकमेकांना धरून राहणारा. बासमतीच्या मोजमापाने इंद्रायणीत पाणी घातले, की लगदा होतो आणि मग दोष तांदळाला दिला जातो. दोनदा हलक्या हाताने धुऊन, वीस मिनिटे निथळत ठेवून, एका वाटीला सुमारे दोन वाट्या पाणी पुरते. दिवाळीनंतरचा नवा तांदूळ असेल, तर त्याहूनही थोडे कमी. वर्षभर मुरलेल्याला थोडे जास्त. शेंगोळ्यांच्या रश्शाबरोबर हा भात जरा मऊच चांगला लागतो. हाताने कालवता आला पाहिजे.

या जोडीत पोषणाचे एक जुने शहाणपण आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात ते भरपूर असते. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. वर दिलेल्या मापाने केलेल्या शेंगोळ्यांतून प्रत्येकाला साधारण १५ ग्रॅम प्रथिने मिळतात, भाताची वेगळी. सोबत कच्चा कांदा, लिंबू आणि जमल्यास एखादी पालेभाजी. पावसाळ्यात वेल्ह्याच्या माळांवर टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते. ओढ्याला चढणीचे मासे आणि खाचरात खेकडे मिळाले, तर त्या दिवशी शेंगोळ्यांना सुटी असते, हेही सांगायला हवे. खेकड्याच्या कालवणापुढे हुलग्याचे काही चालत नाही.

वळायला कोण बसणार?

पूर्वी आवणीला इर्जिक असे. एकाच्या शेतात साऱ्या वाडीने जायचे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरीऐवजी ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. मजुरीचा रोख व्यवहार आला, तरुण माणसे कारखान्यांकडे गेली, तशी ही पद्धत क्षीण झाली. शेतातले ओझे वाटून घेण्याची ही रीत होती. स्वयंपाकघरातले ओझे मात्र तेव्हाही वाटले जात नव्हते. इर्जिकीच्या दिवशीही भाकऱ्या थापायला बायकाच असत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरकाम मुळीच न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. रात्रीचा सोपा पदार्थ सांगणारे लेख, हा लेख धरून, बहुधा त्या २८९ मिनिटांतली पंधरा मिनिटे वाचवण्याची गोष्ट करतात. ती पंधरा मिनिटे दुसऱ्या कोणाच्या खात्यात टाकता येतील का, हे विचारीत नाहीत.

शेंगोळ्यांत तशी सोय आहे. पीठ मळणे आणि फोडणी देणे याला थोडा सराव लागतो. वळी करून कडे जुळवणे मात्र सहा वर्षांच्या मुलालाही येते आणि साठीच्या आजोबांनाही. एकट्याने पन्नास कडी वळायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. चौघे ताटाभोवती बसले, तर पाणी उकळण्याच्या आत काम उरकते. मुलांची कडी वाकडी होतात, काहींचे आकडे आणि साप होतात. शिजायला त्याने काही बिघडत नाही, आणि आपण केलेला साप पानात शोधण्यात मुलाचा भात मुकाट्याने संपतो. घरातल्या कर्त्या पुरुषाने दूरदर्शन संचापुढे बसून वळल्या, तरी चालेल. हात धुतलेले असावेत.

उरलेले शेंगोळे टाकू नयेत. रात्रभरात स्टार्च घट्ट होतो, रस्सा कड्यांत मुरतो आणि लसणाचा उग्रपणा जातो. सकाळी थोडे पाणी शिंपडून, लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात ते परतले, की कडा कुरकुरीत होतात. पहिल्या पाळीला जाणाऱ्याच्या डब्यात, भाकरीच्या चतकोरावर, वेल्ह्याच्या एसटीत असे डबे अजून दिसतात.